अनसाबाईचं उलथनं

"तुझ्या जिभेला वाळवी लागली तुझ्या! आरं वाळल्या तुरकाटीच्या, पोरीला द्यायला तुला साऱ्या मुलखात तीच एक चूल घावली व्हय?"

तानूआत्या ओसरीचा खांब धरून उभी होती आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाला, बेंदराच्या ऐन सकाळी शिव्या घालत होती. दादा अंगणात बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झालं का तुझं?"

"न्हाई झालं! दिवस कासराभर वर आला, अजून माझा घसा शाबूत हाय. मोटेच्या फाटक्या सोंडे, ऐकतुयास का? शेवू त्या घरात गेली तर मी हितं खांबाला डोकं आपटून जीव देईन, आन् मग माझं भूत तुझ्या मानगुटीवर बशीवते."

"बशीव. जित्तेपणी कुठं उतरलीयस?"

गल्लीतली दोन-चार माणसं कुंपणाशी थांबून हसत होती. आत्याच्या तोंडाचा पट्टा चालू झाला की आमच्या अंगणासमोर अशी गर्दी व्हायचीच. खडकवस्तीत सिनेमा नव्हता, आत्या होती. तिच्या बोलण्यात साधा शब्द औषधालाही सापडत नसे. उशिरा उठणाऱ्याला ती 'झोपेचं गाठोडं' म्हणायची, देवळातल्या पुजाऱ्याला 'तुपाचं गाडगं', आमच्या लंगड्या बोक्याला 'पेन्शनीतला फौजदार'. पन्नाशीतली बाई, पण बोलायची तिच्या आजीच्याही आजीसारखी. अवंदा, येरवाळी, झुंजुमुंजु, घटकाभर. पोरं तिच्या मागं फिरायची आणि तिच्या शिव्या पाठ करायची. मीही केल्या. आई गेली तेव्हा माझी धाकटी बहीण शेवू रांगत होती. आत्यानंच आम्हा दोघींना वाढवलं, आणि आम्ही भाकरीबरोबर तिच्या शिव्या खाऊनच मोठ्या झालो.

तिच्या तोंडाचा उजवा कोपरा जरा ओढलेला होता. तिथली कातडी गुळगुळीत, चकाकणारी. गुऱ्हाळात काकवीचा थेंब उडाला होता, असं घरात सांगत. त्या ओढलेल्या कोपऱ्यामुळं ती शिवी देताना हसल्यासारखी दिसायची. लोकांना त्याचीही मजा वाटायची.

भांडण सोयरिकीचं होतं. ओढ्यापलीकडच्या मोरबन गावातून शेवूला मागणी आली होती. घर मोठं, कालव्याखालची जमीन, मुलगा साखर कारखान्यात फिटर. मुलाची आई अनसाबाई. आत्या याच घरात दिलेली होती. अनसाबाई तिची थोरली जाऊ. आत्याचा नवरा लग्नानंतर लौकरच तापानं गेला आणि ती कपाळ पुसून माहेरी आली. पण दोन्ही घरांत येणंजाणं राहिलं. लग्नाकार्याला पत्रिका यायची, दिवाळीला फराळ जायचा. दादांच्या हिशेबी जुनीच सोयरीक पुन्हा जुळत होती. बेंदराच्या तिसऱ्या दिवशी मोरबनची माणसं बैठकीला येणार होती आणि सुपारी फुटणार होती.

"तानू," दादा कुंचला ठेवून म्हणाले, "कारण सांग. शिव्या नगं घालू. कारण सांग."

 आत्यानं पुन्हा शिव्यांचीच लड लावली. कारण तिला सांगता येत नव्हतं. साधं बोलायची तिची सवयच मोडली होती.

दुपार होईतो तिचा आवाज बसला. आधी चिरका झाला, मग नुसती फुसफूस.

मी चुलीपाशी पुरणपोळ्या करत होते. शेवू शेजारी बसून कणीक मळत होती. एकोणीस वर्षांची, तोंडाची चुरूचुरू. दिवसभर बोलायची. बैलाशी बोलायची, भांड्यांशी बोलायची.

"आक्के, पोरगा तर बरा हाय की गं," ती हळूच म्हणाली. "जत्रेत बघितलाय मी. खाली मान घालून चालतो. आत्याला काय झालंय?"

"आत्याला इचार की."

"इचारलं. मला म्हणती, तू तिथं बोलचील. मी म्हणलं, बोलीन की, मुकी हाय का मी? तर रडायलाच लागली."

इतक्यात आत्या दारात आली. तव्यावरची पोळी करपायला लागली होती आणि माझे दोन्ही हात पिठात. मी तव्यावर तापलेलं उलथनं कसंबसं उचललं आणि वळून म्हटलं, "आत्या, एवढं धर गं."

आत्या मागं सरकली नाही. ती खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, डोळे मिटले आणि जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून, कोंबडी घारीला भिऊन बसते तशी बसली. साऱ्या गावाला चळाचळा कापायला लावणारी बाई.

शेवूला काही कळलं नाही. ती पाणी आणायला धावली. मी हातातल्या उलथन्याकडं बघितलं. त्याची धार बघितली, तिची रुंदी बघितली. मग आत्याच्या तोंडावरचे हात बाजूला केले आणि तो चकाकणारा कोपरा बघितला.

"आत्या, काकवी न्हवती ना गं ती?"

तिनं मान हलवली. मग तिच्या त्या फाटक्या आवाजात जेवढं सांगता आलं तेवढं तिनं सांगितलं. त्यात एकही शिवी नव्हती. म्हणूनच मला खरी भीती वाटली.

तिचं बोलणं संपल्यावर मी हात धुतले आणि अंगणात दादांकडं गेले. सांगितलं.

दादांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हौसे, उलथन्याचं म्हणतीस ना? ते साऱ्या गावाला तोंडपाठ हाय. वढ्यावर दरसाल वरडती ती. आजवर कुणाला खरं वाटलं? तिच्या बोलण्यावर सोयरीक मोडली तर लोक त्वांडात श्याण घालतील माझ्या."

"दादा, अंगावर डाग हाय तिच्या."

"काकवीचा डाग हाय त्यो. आईनं सांगितलं होतं मला." एवढं बोलून ते बैल घेऊन मिरवणुकीला गेले.

इथं ओढ्याबद्दल सांगायला हवं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं 'ओढा उठायचा'. खडकवस्तीच्या बायका अलीकडच्या काठावर, मोरबनच्या पलीकडच्या. मधून गुडघाभर पाणी. हलगी वाजायची आणि दोन्हीकडून शिव्या सुरू. हात उडवून, पदर खोचून, उड्या मारून. माणसं मागं उभी राहून ऐकायची. सासूला देता न आलेली शिवी बायका समोरच्या काठाला देऊन मोकळ्या व्हायच्या. शाळेतले मास्तर त्याला रानटीपणा म्हणायचे आणि पहिल्या रांगेत उभे राहून बघायचे.

नियम एकच. ओढ्यावरची शिवी घरी न्यायची नाही. दिवस बुडायला लागला की दोन्हीकडच्या म्होरक्या बायका पाण्यात उतरायच्या, एकमेकींची ओटी भरायच्या, आणि बोललेलं सगळं पाणी घेऊन जायचं. एरवी विधवेची ओटी कोण भरतंय? पण त्या दिवशी ओढ्यात भरत.

आमच्या काठाची म्होरकी आत्या आणि पलीकडची अनसाबाई. मी लहान असल्यापासून बघत आले. आत्याची ठरलेली पहिली आरोळी असायची, "आगं ए अनसे! कैदाशिणी! तुझं उलथनं अजून तापतंय का गं?"

सारा काठ खदाखदा हसायचा. लोकांना त्यात काहीतरी चावट वाटायचं. पोरं चिंचेखाली खेळतानासुद्धा एकमेकांना विचारायची, तुझं उलथनं तापलं का रं? मीही विचारलं होतं. आणि पलीकडून अनसाबाई कमरेवर हात ठेवून हसत उत्तर द्यायची, "तापतंय की गं टवळे, ये, शेकून देते!" पुन्हा हशा. संध्याकाळी हीच अनसाबाई पाण्यात उतरून आत्याच्या पदरात खण, नारळ, तांदूळ घालायची. दरसाल. वर्षातून एकदा आत्याची ओटी भरली जायची, आणि ती त्या हातानं. ते तांदूळ आत्या घरी आणायची नाही. काठावर येताच पाण्यात सोडून द्यायची. आम्हाला वाटायचं, तीही रीतच असेल.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घशातून शब्द फुटेना. बायका गोळा झाल्या. "आता गं? म्होरं कोण हुभी ऱ्हाणार?" कुणीतरी म्हणालं, "हौसा हाय की. तानूच्याच तालमीतली हाय. नवऱ्याचं घर सोडून आली तवा तिच्या सासूला काय कमी शिव्या दिल्या व्हय तिनं?" सगळ्या हसल्या. मी सासर का सोडलं हे सांगायची ही जागा नाही, पण त्या म्हणाल्या ते खरं होतं.

"राहते मी उभी," मी म्हटलं.

आत्या कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही अर्धंच ठाऊक होतं.

ओढ्याला भरपूर पाणी होतं. दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. पलीकडं अनसाबाई पुढं आली. साठीची, भरदार, नऊवारीचा काष्टा कसलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या शेजारी तिची थोरली सून ओटीचं ताट घेऊन उभी होती.

हलगी कडाडली.

"का गं!" अनसाबाई ओरडली. "म्हातारी कुत्री भुंकायची बसली व्हय? म्हनून पिल्लू धाडलं? नवऱ्यानं टाकलेलं, उंडगं पिल्लू!"

पलीकडचा काठ हसला. आमच्या काठावरून बायका मला ढोसायला लागल्या. "हौसे, उलथनं काढ! उलथनं!"

मी खोचलेला पदर सोडला. डोक्यावरून घेतला. दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, अनसाबाई."

आधी दोन्ही काठ फुटले हसून. त्यांना वाटलं, हौसानं नवीन सोंग काढलं. कुणीतरी शिट्टी मारली.

"तुम्ही वयानं मोठ्या आहात. मी तुम्हाला अहोजाहोच करणार. मला एक विचारायचं आहे."

"इचार की गं, शाळामास्तरणी!" अनसाबाई खुशीत होती.

मी सातवीपर्यंत शिकले होते. पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून जे काय उमगलं तेवढंच. त्या दिवशी मी धड्यातल्यासारखी बोलले. एकेक शब्द नीट. जातं फिरवावं तशा चालीत.

"आमची तानूआत्या तुमच्या घरात तुमची धाकटी जाऊ होती. तिचा नवरा वारला. तेराव्याच्या दिवशी, पाहुणे जेवून उठल्यावर, तिनं तुम्हाला सांगितलं की नवऱ्याच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर करा, मी इथंच राहीन. तुम्ही तिला स्वयंपाकघरात बोलावलंत. दार लावून घेतलंत. तुमच्या दोन्ही नणंदांनी तिचे हात धरले."

हशा कमी झाला. हलगीवाला अजून वाजवत होता, पण त्याचा ताल चुकला.

"तुम्ही चुलीत ठेवलेलं उलथनं बाहेर काढलंत आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्याला लावलंत. लावून धरलंत. आणि म्हणालात, आता बोल."

हलगी थांबली.

पाण्याचा आवाज येत होता. आमच्या काठावर एक तान्हं पोर रडत होतं, त्याच्या आईनं त्याला अंगाशी दाबलं.

"खरं आहे का, अनसाबाई?"

"आगं ए भवाने," तिनं हात उडवला, "तुझ्या आत्याची जीभ झडली..."

एकही बाई तिच्यामागं ओरडली नाही. तिची शिवी एकटीच पाण्यावरून आली आणि आमच्या काठापर्यंत पोचायच्या आत विरली.

"शिवी नको. मी तुम्हाला शिवी दिलेली नाही. एक तरी दिली का? असेल तर सांगा, इथंच पाया पडते. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग तिचा आवाज बदलला. बारीक झाला. "वढ्यावर असलं बोलत न्हाईत."

"मग कुठं बोलतात? जागा सांगा. तिथं येते मी."

तिनं सुनेच्या हातातल्या ताटाकडं बघितलं.

"उद्या तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला मागायला आमच्या दारात येणार आहात. शेवूला बोलायची फार सवय आहे. तुम्ही ते उलथनं अजून वापरता, की नवीन केलंय, एवढं बैठकीत सांगा. म्हणजे आम्हाला पोरीला तसं समजावून पाठवता येईल."

कुणी हसलं नाही. पलीकडं थोरल्या सुनेनं हातातलं ओटीचं ताट खाली दगडावर ठेवलं आणि ती दोन पावलं बाजूला झाली. एवढंच. पण मोरबनच्या बायकांनी ते बघितलं, आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्याही सरकल्या. अनसाबाईच्या भोवती मोकळी जागा झाली. गर्दीत उभी असलेली बाई बघता बघता एकटी पडली.

दिवस अजून बराच वर होता. ओटीची वेळ झाली नव्हती. तरी अनसाबाईनं स्वतःच वाकून ताटातले तांदूळ मुठीत घेतले, नारळ घेतला आणि ती पाण्यात उतरली. घाईत. काष्टा भिजला, पाय घसरला, पण कुणी हात दिला नाही. मी माझ्या काठाशी, घोटाभर पाण्यात उभी होते. ती माझ्यासमोर आली. जवळून तिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. 

"पदर पसर, पोरी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "झालं गेलं पाणी घिऊन जाईल."

"पाणी शिव्या नेतं, अनसाबाई. मी शिवी दिली नाही."

"पसर गं. समदं गाव बघतंय."

"बघू दे."

मी हात जोडलेलेच ठेवले. ती मुठीतले तांदूळ घेऊन उभी राहिली. मूठ भिजली, बोटांतून एकेक दाणा सुटायला लागला. आमच्या काठावरच्या बायका एकेक करून घराकडं निघाल्या. ओटी भरल्याबिगर ओढा सोडायचा नसतो. त्या निघाल्या. मी वळले तेव्हा ती अजून तिथंच होती. नारळ छातीशी धरून.

काठावर दादा होते. माणसांच्या गर्दीत सगळ्यांच्या पुढं. मला वाटलं, मारतील. ते माझ्याकडं न बघता घराकडं चालू लागले, आणि मी त्यांच्या मागं.

आत्या ओसरीवर बसली होती. ओढ्यावर काय झालं ते आमच्याआधी पोरांनी पळत येऊन सांगितलं असणार. शेवू तिच्या पायाशी बसली होती आणि जन्मात पहिल्यांदाच गप्प होती.

दादा आत्यासमोर उभे राहिले.  हाताला अजून शिंगांचा हिंगूळ होता.

"तानू," ते म्हणाले, "खरं हाय?"

मला वाटलं, आता तरी शिव्या घालील. घसा फाटला असला तरी ओठ हलवून घालील. वाळल्या तुरकाटीच्या, इतकी वर्सं इचारलं न्हाईस, आन् आता? तसा तिचा हक्क होता.

आत्या फुसफुसली, "व्हय, दादा."

एवढंच. त्या दोन शब्दांनी दादा मटकन खाली बसले. तिच्या शिव्यांनी ते कधी बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बैठकीला कुणी आलं नाही. दादांनी तरी सकाळी दाराला आडणा घातला आणि दिवसभर आत बसून राहिले. शेवूचं लग्न पुढं घाटावर झालं. तिथं ती अजून दिवसभर बोलते. नवरा वैतागतो, पण ऐकतो.

ओढ्याची रीत मोडली म्हणून पंचांनी मला पुन्हा काठावर उभं राहू दिलं नाही. मी मागितलंही नाही. आत्याचा आवाज आठवड्यानं परतला, आणि पहिली शिवी तिनं मलाच हासडली, "तोंड बघा हिचं, जशी काय मामलेदारीण!" पुढच्या बेंदराला ती पुन्हा म्होरकी झाली. जुन्या शिव्या, नव्या शिव्या, हातांचं तेच उडवणं. पलीकडं दुसरीच कुणी उभी होती. बायकांनी आत्याला ढोसलं, "तानू, उलथनं काढ की!" आत्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती आरोळी तिनं परत कधी दिली नाही. चिंचेखालची पोरंही हळूहळू ती विसरली.

अनसाबाई मात्र विसरली नाही. तिच्याकडं कुणी सुपारी द्यायला जाईना, ओटीला कुणी तिला बोलवीना. दर बेंदराला तिच्या घरून माझ्यासाठी ताट यायचं. खण, नारळ, तांदूळ. मी वरचा रुमालही न उचलता परत पाठवायचे. आत्या गेली त्या वर्षीसुद्धा ताट आलं. ते मी जरा जास्तच लौकर परत पाठवलं.

मग एका वर्षी ताटाबरोबर तिची थोरली सून स्वतः आली. तिनं ताट आत आणलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आता लई दिवस न्हाईत त्यांचं. सारखं तुमचंच नाव घेत्यात. म्हणत्यात, हौसाला म्हणावं, एक डाव पदर पसर. निदान चार शिव्या तरी धाड. काय सांगू?"

मी भाकरी भाजत होते. उलथन्यानं भाकरी उलटली, पुन्हा उलटली.

"त्यांना म्हणावं," मी म्हटलं, "हौसानं नमस्कार सांगितलाय."